मैत्रिणीच्या बागेतले अकरा ठोंब

पत्र असं आहे:

'ताई, मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. आमच्या रस्त्याच्या टोकाला माझी एक अमेरिकन मैत्रीण राहते, वय अठ्ठ्याहत्तर. गेली नऊ वर्षं आम्ही सकाळी बरोबर चालायला जातो. आता ती घर विकून ॲरिझोनाला मुलीकडे चालली आहे, जुलैअखेर घराचा ताबा जाईल. तिच्या दिवंगत नवऱ्याला होस्टाचा, म्हणजे सावलीत वाढणाऱ्या, देखण्या पानांच्या त्या झाडांचा, फार नाद होता. मे महिन्यात तिनं मला त्यातले अकरा ठोंब काढून दिले. एकालाही पाटी नाही. तिला "मोठा निळा", "चर्चच्या सेलमधला", "संध्याकाळी वास येणारा" एवढंच आठवतं. फोनवरच्या दोन ॲपना फोटो दाखवले तर एकाच झाडाची पाच नावं आली. मला प्रत्येकाजवळ नावाची पाटी लावायची आहे, आणि सप्टेंबरात मंडळाच्या विक्रीसाठी काही ठोंब फोडायचे आहेत. नंबर घालून फोटो पाठवते. नावं सांगाल का? आणि एखादा पुण्याला आईकडे नेला तर जगेल का?'

पुण्याचं आधी सांगून टाकते. नाही जगणार. होस्टाला दरवर्षी काही आठवडे कडक थंडीची झोप लागते. ती मिळाली नाही तर पहिल्या वर्षी पानं बारीक येतात, दुसऱ्या वर्षी ठोंब खंगतो. आईला पुण्यात वास हवा असेल तर निशिगंध लावायला सांगा. होस्टा आणि निशिगंध एकाच कुळातले आहेत, त्यामुळे नात्यातच राहाल.

आता अकरा ठोंब. फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले, आणि आठ नंबरशी येऊन थांबले. बाकी दहांची नावं आज कळली काय, दोन वर्षांनी कळली काय, बिघडत नाही. आठ नंबरचं या आठवड्यात बघायला हवं.

पान पिवळसर आहे, आणि शिरांच्या कडेनं गडद हिरवा रंग पाझरलाय, टीपकागदावर शाई पसरावी तसा. देठाजवळचा भाग आक्रसलाय. होस्टाच्या पानावर रंगाचे पट्टे असतातच, पण निरोगी पानात दोन रंगांची हद्द बहुधा स्वच्छ असते. इथे रंग शिरेला धरून बाहेर सांडलाय. ॲपनं याला 'लेपर्ड फ्रॉग' म्हटलं असं तुम्ही लिहिता, आणि त्या नावानंच माझी काळजी वाढली. 'लेपर्ड फ्रॉग', 'ब्रेक डान्स', 'लुनसी' ही झाडं एकेकाळी नवे वाण म्हणून विकली गेली. त्यांच्या पानांवरची नक्षी वाणाची नव्हतीच, ती रोगाची होती. हा होस्टा व्हायरस एक्स. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची पहिली नोंद केली. तोवर लोक ती नक्षी हौसेनं वाढवत होते, फोडून वाटत होते.

या रोगावर औषध नाही. तो रसातून पसरतो, म्हणजे रोगी झाड कापलेली सुरी किंवा फावडं तसंच दुसऱ्या झाडाला लागलं की झालं. लागण झालेलं झाड कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंही अगदी नीट दिसू शकतं. तुमच्या मैत्रिणीनं अकराही ठोंब एकाच फावड्यानं काढले असणार, हे धरूनच चला.

म्हणून आता एकही ठोंब फोडू नका, पानं कापू नका, सुकलेले दांडे हातानं मोडू नका. इंडियानात एल्कहार्टला ॲग्डिया नावाची कंपनी आहे, ती या विषाणूसाठी चाचणीच्या पट्ट्या विकते. पानाचा तुकडा पिशवीतल्या द्रावात चुरडायचा आणि त्यात पट्टी धरायची, काही मिनिटांत रेघ दिसते किंवा दिसत नाही. घरी करायचं नसेल तर ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेट विद्यापीठाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. नमुना कसा पाठवायचा ते आधी फोन करून विचारा. आठ नंबर रोगी निघाला तर मुळांसकट काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागची उरलेली मुळं वेचून काढा आणि निदान एक पूर्ण मोसम तिथे दुसरा होस्टा लावू नका. डेलिया, फर्न, काहीही लावा, या विषाणूचं खरं वैर होस्टाशीच आहे. नंतर कधीही ठोंब फोडताना दर ठोंबामागे सुरी साबणानं धुऊन, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात काही मिनिटं बुडवून घ्या. बाकी दहांची चाचणी यंदा करा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करा, कारण ताजी लागण पहिल्या चाचणीत निसटू शकते.

मैत्रिणीला हे सांगताना जपून सांगा. तिच्या नवऱ्याच्या हातून काही चुकलं असं त्यात नाही. अशी झाडं चांगल्या चांगल्या रोपवाटिकांतून विकली गेली आहेत.

आता नावांकडे येते, आणि इथे मी तुम्हाला थोडं निराश करणार आहे. नुसत्या फोटोवरून मी अकरा नावं सांगणार नाही. सांगता येतील, पण ती खरी असतीलच असं नाही, आणि होस्टाच्या जगात खोटं नाव फार लांबवर जातं. पाटी लावलेला ठोंब तुम्ही फोडता, चार जणींना देता, त्या पुढे आणखी चौघींना देतात, आणि पाटीवरचं नाव सगळीकडे पोचतं. एका बाईनं मला 'फ्रॅन्सी' म्हणून एक ठोंब दिला होता. मी विश्वासानं तो नावासकट सहा घरी वाटला. चार वर्षांनी त्याचं फूल नीट पाहिलं तेव्हा कळलं, तो फ्रॅन्सी नव्हता. सहापैकी दोन घरी अजून तीच पाटी आहे. मी सांगितलं, पण पाटी बदलायची राहून जाते.

त्यामुळे ॲपचं बोलणं तूर्त कानाआड करा. ॲप पान बघतं, आणि तेही तुम्ही नुकत्याच हलवलेल्या झाडाचं पान. होस्टाला आपलं खरं रूप धरायला चार-पाच वर्षं लागतात. 'सम अँड सबस्टन्स' हा मोठेपणी ताटाएवढी पानं देणारा वाण लहानपणी कुठल्याही साध्या पोपटी होस्टासारखा दिसतो. ठोंब उपटून हलवला की तो दोन-तीन वर्षं मागे जातो, पानं छोटी आणि निमुळती येतात. तुमचे मेमध्ये हललेत. यंदाच्या पानांची साक्ष कच्ची आहे.

पक्की साक्ष अजून तुमच्या मैत्रिणीच्या घरी आहे, आणि ती जुलैअखेर जाणार आहे.

रोज चालायला जाताच, तर एक दिवस चालणं तिच्या बागेतच करा. फोनवर आवाज टिपायला लावा आणि तिला वाफ्यावाफ्यानं बोलू द्या. 'याचं नाव काय' असं विचारू नका, त्यानं ती गप्प होईल आणि तिला वाईटही वाटेल. हा कधी आला, कुणी दिला, तेव्हा मुलगी कितवीत होती, याला फुलं शाळा सुटायच्या आधी यायची की नंतर, हरणं कुणाला आधी खायची, असं विचारा. असल्या गोष्टी माणसाला आठवतात. आणि सालाला फार किंमत आहे. 'जून' आणि 'पेट्रियट' या वाणांची नोंदणी १९९१ ची आहे, 'ब्लू माऊस इअर्स'ची २००० ची. म्हणजे ती म्हणाली की हा छोटा निळा मुलीच्या लग्नाआधीपासून इथे आहे आणि लग्न १९८८ चं असेल, तर ॲप काहीही म्हणो, तो 'ब्लू माऊस इअर्स' असण्याची आशा सोडून द्या.

मग ठोंब जिथून काढले त्या खड्ड्यांशी बसा. मिशिगनच्या हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, पुन्हा बसते, आणि तेवढ्यात पाट्या जागच्या हलतात. कधी वर येतात, कधी पालापाचोळ्याखाली दोन बोटं खोल जातात. जुन्या जस्ताच्या किंवा प्लास्टिकच्या पाट्या मी स्वतः अशा हातानं चाचपून काढल्या आहेत. पाटी ठोंबाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे लावलेली असायची, तिथे आधी बघा. गराज, टूलबॉक्स, बियाण्यांचा डबा यांतही डोकवा. ज्या माणसाला नाद असतो तो पावत्या ठेवतो, कॅटलॉगमध्ये टिक करतो, वाफ्याचा नकाशा काढतो. घर विकताना पहिल्यांदा हेच कागद फेकले जातात.

तुम्ही पाठवलेल्यांपैकी तीन फोटोंबद्दल मात्र मला बरंच सांगता येईल.

एक नंबर, तिचा 'मोठा निळा'. निळसर हिरवं, सुरकुतलेलं, जाड पान, भोवती रुंद पिवळी किनार, आणि किनारीवर तपकिरी, जळल्यासारखे डाग. हे 'फ्रान्सिस विल्यम्स'चं चित्र आहे. फ्रान्सिस विल्यम्स या बाईंना १९३६ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिस्टल नर्सरीजमध्ये सीबोल्डियाना जातीच्या निळ्या झाडांच्या रांगेत पिवळ्या किनारीचं एकच झाड दिसलं आणि त्यांनी ते घरी आणलं. अधिकृत नोंद व्हायला १९८६ उजाडलं, तोवर ते निरनिराळ्या नावांनी हातोहात फिरलं. डाग पाहून घाबरू नका, हा रोग नव्हे. कोवळी किनार वसंतातल्या उन्हावाऱ्यानं करपते, ती या वाणाची जुनी खोड आहे. पण 'ऑरोरा बोरिॲलिस', 'गोल्डन सर्कल्स' आणि 'समुराय' हे वाण त्याच्याशी इतके मिळतेजुळते आहेत की मुरलेले लोकही शेजारी शेजारी ठेवून हात टेकतात. म्हणून पाटीवर 'फ्रान्सिस विल्यम्ससारखा' लिहा. त्यातला 'सारखा' महत्त्वाचा आहे.

तीन नंबर, पांढऱ्या किनारीचा. ॲपनं 'फ्रॅन्सी' आणि 'पेट्रियट' दोन्ही सांगितलं. मला दोन्ही वाटत नाही. फोटो मोठा करून देठ बघा. पांढरी किनार पानाशी संपत नाही, देठाच्या दोन्ही कडांनी खाली उतरत जाते. पान पातळ आहे, टोकाला जरा पिळलेलं. आणि जूनच्या मध्यातच फुलांचा दांडा उंच वर आलाय, त्यावर बोटाएवढी लहान पानं बसली आहेत. हे सगळं 'उंड्युलाटा अल्बोमार्जिनाटा'कडे बोट दाखवतं, जुन्या अमेरिकन घरांच्या पायऱ्यांशी हमखास दिसणारा होस्टा. फ्रॅन्सीचं पान जाड, गडद आणि हृदयाकृती असतं, किनार बारीक आणि शुभ्र, फुलं महिनाभर उशिरा. पेट्रियट फ्रॅन्सीतूनच निघालेला, त्याची किनार चांगली रुंद. माझा फ्रॅन्सी म्हणून मिळालेला ठोंबही शेवटी हाच निघाला होता, त्यामुळे ही तीन झाडं मी आता पुष्कळ बारकाईनं बघते.

या उंड्युलाटाची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण नावाचा हट्ट किती धरावा ते तीतून कळतं. उंड्युलाटा, लान्सिफोलिया, फॉर्च्युनाय ही नावं शंभर-दीडशे वर्षं वनस्पतिशास्त्रात रानटी जाती म्हणून चालली. सीबोल्ड या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञासारख्या लोकांनी जपानहून युरोपात आणलेली झाडं पाहून ती दिली गेली होती. पुढे कळलं की ही जपानी माणसांनी बागेत जोपासलेली झाडं होती, रानात तशी जात नाहीच. मग त्यांना जातींतून काढून वाणांत बसवलं. खुद्द वंशाचंही तसंच. १८१२ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलस होस्ट यांच्या सन्मानार्थ 'होस्टा' नाव दिलं गेलं, पाच वर्षांनी दुसऱ्यानं 'फंकिया' दिलं, आणि जर्मन लोक अजूनही फंकियाच म्हणतात.

दहा आणि अकरा हे दोन साधे हिरवे ठोंब मोठ्या झाडांच्या बुडाशी मिळाले असं तुम्ही लिहिलंय. ही बियांतून पडलेली रोपं असणार. होस्टाचं बी म्हणजे रायवळ आंब्याची कोय. हापूसच्या झाडाखाली उगवलेलं रोप हापूस नसतं, तसंच इथे. मधमाशी कुठून काय घेऊन आली कुणास ठाऊक. पांढऱ्या किनारीच्या हिरव्या झाडाच्या बियांतून साधी हिरवीच रोपं येतात. या दोघांना नाव नाही आणि शोधूनही सापडणार नाही. याला एक अपवाद आहे, व्हेंट्रिकोसा नावाची चिनी जात. ती बियांतून हुबेहूब उतरते. चकचकीत गडद हिरवं पान आणि घंटेसारखी जांभळी फुलं दिसली तर मला कळवा.

बाकीच्यांसाठी एक वही घाला आणि वर्षभर बघत राहा. नंबर, जागा, ऊन किती, हे लिहा. कोंब जमिनीतून कुठल्या रंगाचा आला ते पुढच्या एप्रिल-मेमध्ये टिपा, काहींचे जांभळे असतात. पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला किती शिरा निघतात ते मोजा. वयात आलेल्या झाडात हा आकडा फारसा हलत नाही. लान्सिफोलियाला पाच-सहा, सीबोल्डियानाच्या कुळात बारा-पंधराच्या घरात. पान उलटून बघा, खालून पांढुरकं आहे का. देठाच्या बुडाशी जांभळे ठिपके आहेत का. निळ्या होस्टाचा निळा म्हणजे द्राक्षाच्या मण्यावर असतो तसा पांढुरका थर, बोटानं पुसला की खालचं हिरवं दिसतं. ऑगस्टच्या उकाड्यात तो बराचसा झडतो. म्हणून निळ्याचा फोटो जूनमध्ये काढा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा काढा, दोन वेगळी झाडं वाटतील. फुलाचा रंग, आकार, महिना, दांड्याची उंची, आणि परागकोश पिवळे आहेत की जांभळे, एवढं लिहिलंत तर जाणकार माणूस तुमच्याशी नीट बोलू शकेल.

जाणकार माणसं तुमच्याकडे आहेत. टिप्टनला हिडन लेक गार्डन्समध्ये होस्टाची अख्खी टेकडी आहे, तुमच्यापासून साधारण तासाभरावर. जुलैत वही आणि मोजपट्टी घेऊन जा, पान तोडून नेऊ नका. तिथे झाडांना पाट्या आहेत, वाढलेला ठोंब कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. अमेरिकन होस्टा सोसायटी १९६८ पासून आहे आणि वाणांची अधिकृत नोंद तीच ठेवते, हजारो नावं आहेत त्यात. तिच्या स्थानिक शाखांत तीस-तीस वर्षं होस्टा पाहिलेली मंडळी भेटतात.

तोवर पाटीवर काय लिहायचं? होस्टावाले अशा झाडाला सरळ 'नोआयडी', म्हणजे ओळख न पटलेलं, म्हणतात. तुम्ही मैत्रिणीचं नाव लिहा, तिच्या बागेतली जागा लिहा आणि साल. 'अमकीकडचा, उत्तरेच्या भिंतीचा' ही पाटी शंभर टक्के खरी आहे. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पेन्सिलीनं दाबून लिहा, मार्करची शाई दोन हिवाळ्यांत उडते.

मंडळाच्या विक्रीचं यंदा जमणार नाही, वाईट वाटेल तुम्हाला. आधी विषाणूची दोन वर्षांची चाचणी नीट निघू दे. नंतर विकायचेच असतील तर एक, तीन आणि तसलेच जुने वाण विका. अमेरिकेत वनस्पतीचं पेटंट वीस वर्षं चालतं, आणि पेटंट असलेला वाण फोडून विकायला परवानगी लागते. ओळख नसलेला, नव्या धाटणीचा होस्टा विकताना हे ध्यानात ठेवा.

राहिला पाच नंबर, तिचा 'संध्याकाळी वास येणारा'. फिकं, चमकदार, रुंद हिरवं पान, यंदा अजून दांडा नाही. मला वाटतं ही प्लँटॅजिनिया असावी, चीनमधली जात. बाकी होस्टा सकाळी उमलतात, ही दुपारी चारनंतर. वास निशिगंधाच्या घरातलाच. पण तिची लेकरंही वासाची आहेत: 'रॉयल स्टँडर्ड'ची फुलं पांढरीच पण बरीच लहान, 'हनीबेल्स'ची फिकट जांभळी. ऑगस्टमध्ये कळी दिसली की संध्याकाळी चारला तिथे खुर्ची टाका. फूल किती वाजता उघडलं, किती लांब आहे, पांढरं की जांभळट, हे मला कळवा. तोवर मैत्रीण ॲरिझोनात असेल. तिला त्याच वेळी फोन लावा आणि हा ठोंब नवऱ्यानं कुठल्या वर्षी लावला ते विचारा. मला वाटतं, फुलाबद्दल बोलता बोलता तिला ते आठवेल.